खालचा सिलिंडर

इंजिनाला उचकी लागली ती नेमकी वऱ्हाड भर पाण्यात असताना. नवरदेव मधल्या फळीवर मुंडावळ्या सावरत बसलेला, करवल्या एकमेकींच्या अंगावर रेलून फोटो काढतायत, आणि मागचा एकसुरी घरघराट एकदम लंगडा झाला. घर्र, फट्, घर्र, फट्. होडीचा जोर अर्ध्यावर आला. "इंजिनालाबी नवरीकडं जायाचं न्हाई वाटतं," असं वऱ्हाडातलं कुणीतरी बोललं आणि सगळी होडी खिदळली. गोरख हसला नाही. तो पुढच्या टोकाला बांबू घेऊन उभा होता आणि त्याला काठावरचा मानसिंग दिसत होता. मानसिंगची होडी नवी, फायबरची, निळीशार, आणि तिचं इंजिन शिलाई मशीनसारखं गुमान चालायचं. मानसिंगसुद्धा हसत नव्हता, नुसता बघत होता. गोरखला तेच जास्त झोंबलं.

जांभूळवाडी भाटघर धरणाच्या फुगवट्याच्या काठाला आहे. धरण झालं तेव्हा वाघजाईचं मूळ ठाणं पाण्यात गेलं आणि देवीला वर वाडीत आणून बसवलं. पण चैत्रात पाणी उतरलं की पलीकडच्या अंगाला ते ठाणं चिखलातून डोकं वर काढतं, आणि चैती पुनवेला देवीची पालखी होडीत बसून आपल्या जुन्या घरी जाते. ती होडी गोरखच्या घराची. हा मान पणज्यापासूनचा. वल्ही मारायचे दिवस गेले, गोरखचा बाप गेनू याने कोकणातून जुनं टू-स्ट्रोक इंजिन आणून होडीच्या मागच्या टोकाला लटकवलं, गेनूही गेला, पण मान राहिला. बाकी त्या घरात मिरवण्यासारखं दुसरं काही नव्हतं, त्यामुळे मिरवायचं ते तेवढंच मिरवलं जायचं. मानाला अट एकच होती. पालखी पाण्यात अडकली तर मान दुसऱ्याला. तशी ती कधी अडकली नव्हती, पण अट म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून सगळ्यांना पाठ होती, आणि गेल्या वर्षापासून मानसिंगला जरा जास्तच पाठ होती.

पुनव महिन्यावर आली होती.

वऱ्हाड उतरवून दोघं भाऊ इंजिनाला भिडले. धाकटा सोमनाथ कापूरहोळच्या गॅरेजात बरीच वर्षं हात काळे करून आलेला. बाप गेल्यावर थोरल्याने बोलावलं म्हणून तिथलं काम सोडून, बायकोला, अश्विनीला, घेऊन वाडीत परतला होता. पाण्यावर असताना इंजिनापाशी सोमनाथ बसायचा आणि पुढे बांबू धरून गोरख. गोरखला इंजिनातलं कळत नव्हतं असं नाही. त्याला सगळ्यातलंच कळतं असं त्याचं मत होतं.

त्या इंजिनाला दोन सिलिंडर, एकावर एक. वरचा आणि खालचा. सोमनाथने दोन्हींचे प्लग काढून तळहातावर ठेवले. वरचा कोरडा, चहाच्या रंगाचा. खालचा काळा, तेलापेट्रोलने चिंब.

"खालचा पेटंना," सोमनाथ म्हणाला. "पेट्रोल जातंय, जळंना."

प्लग नवा घातला. पुढच्या फेरीला पुन्हा ओला. खालचा वर आणि वरचा खाली बसवला, तरी खालीच ओला. ठिणगी देणारी कॉइल अदलाबदल केली, तरी तेच. आणि मजा अशी की काठाला इंजिनावरचं टोपण काढून चालवलं की इंजिन दोन्ही पायांवर घोड्यासारखं पळायचं. वरच्या प्लगची वायर उपसली की आवाज पडायचा, खालच्याची उपसली तरी पडायचा. म्हणजे दोन्ही जिते. टोपण लावून पाण्यात गेलं की खालचा मेला.

सोमनाथने हात पुसले. मग म्हणाला, "दादा, टोपण लावून बघू या हितंच. लावलं की बिघडतंय, काढलं की सुधारतंय. टोपणातच कायतरी हाय."

"तोंड झाकून दात बघतात व्हय रं?" गोरख म्हणाला आणि टोपण उचलून स्वतःच्या मागे पालथं ठेवलं.

आता टोपण पालथं का ठेवलं, ते सांगायला हवं. दसऱ्याला होडीची पूजा झाली तेव्हा मानसिंगची नवी होडी शेजारीच उभी होती आणि लोक तिच्याकडेच बघत होते. आपल्या होडीला दृष्ट लागेल असं गोरखला वाटलं. तो भिमा गुरवाकडे गेला. भिमा गुरव म्हणजे वाघजाईचा पुजारी, भला माणूस, कुणाचं वाईट चिंतणार नाही आणि कुणाला नाही म्हणणार नाही. त्याने एक बिब्बा तांब्याच्या तारेत ओवून, देवीच्या पायाशी ठेवून, गोरखच्या हातात दिला. "इंजिनाच्या पोटात बांध. दृष्ट आतच जिरंल. पर कुनाची नजर पडू देऊ नगंस. घरातल्याची बी न्हाई. नजर पडली की गुण ग्येला." गोरखने तो टोपणाच्या आतल्या कडीला बांधला आणि टोपणाला बाहेरून छोटं कुलूप घातलं. प्लग चोरीला जातात म्हणून, असं घरात सांगितलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. तेव्हापासून टोपण काढायचं गोरखने आणि लावायचंही गोरखने. बिब्बा बांधून पाच महिने काही झालं नव्हतं, तेव्हा त्याच्यावर संशय घ्यायचं गोरखच्या मनातही आलं नाही. औषधाच्या बाटलीत कुणी रोग शोधत नाही.

त्यात कुणीतरी येऊन सांगितलं की सोमनाथ आणि मानसिंग नसरापूरच्या बाजारात एका टेबलावर चहा पीत होते. सांगणाऱ्याचं काय जातं?

गोरखने विचारलं तेव्हा सोमनाथने लपवलं नाही. "व्हय, प्यालो. त्याला इंजिनावर मानूस पायजे. म्हनला येतूस का? म्या न्हाई म्हनलं."

"न्हाई म्हनलास तर चा कशापायी पाजला त्यानं?"

"आता चाला बी कारन लागतं व्हय?"

गोरखच्या डोक्यात मात्र सगळं जुळून आलं. काठाला तो स्वतः असला की इंजिन बरं. पाण्यात इंजिनापाशी सोमनाथ असला की बिघडतं. पुनवेला पालखी अडकली की मान मानसिंगला, आणि मानसिंगच्या होडीवर पगारी माणूस कोण, तर सोमनाथ. माणसाला एकदा असं जुळायला लागलं की जुळतच जातं, मधलं न जुळणारं दिसत नाही. शेवटी एका सकाळी धक्क्यावर, दूधवाले कॅन घेऊन उभे असताना, त्याने भावाची गचांडी धरली.

"काय घालतूस टाकीत? साखर घालतूस का पानी?"

सोमनाथने हात सोडवून घेतला नाही. शांतपणे म्हणाला, "दादा, टाकी एक हाय. त्यात काय घातलं तर दोनी सिलिंडर मरतील. एकटा खालचा कसा मरंल? आन आत हात घालायचा तर कुलूप तुझं, किल्ली तुझ्या कंबरंला. म्या हात घालू कुठं?"

तिथेच सगळं संपायला हवं होतं. पण थोरल्याला धाकट्याने चारचौघांत निरुत्तर केलं तर थोरला काय करतो? गोरखने त्याच्या थोबाडीत दिली. दूधवाल्यांनी माना वळवल्या. सोमनाथने गालाला हातसुद्धा लावला नाही, फक्त इतकंच म्हणाला, "टोपण लावून बघ एकदा. बास." आणि घराकडे गेला.

घरात सखूबाई, दोघांची आई, एकदा याच्या तोंडाकडे बघायची, एकदा त्याच्या. "एका आतड्याची प्वारं माझी," म्हणायची आणि पदराने डोळे पुसायची. गावात तर कुणीतरी विनोदही करून टाकला की दोन सिलिंडरपैकी खालचा बिघडला म्हणजे धाकटाच बिघडला. असल्या उपमा गावात फुकट मिळतात, आणि फुकट असल्या म्हणून कुणी त्या वापरायच्या सोडत नाही.

शेवटी कौल लावायचं ठरलं. तशी वाडीत रीतच आहे. माणसांचं माणसांत मिटेना की देवीला विचारायचं. देवीच्या दोन्ही खांद्यांना पाण्याने दोन कळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. सोमनाथ म्हणाला, "लावा. मला कसलं भ्या?" त्याने अंघोळ केली, ओल्या अंगाने देवीपुढे उभा राहिला, भंडारा उचलून शपथ घेतली. देवीवर त्याचा गोरखपेक्षा जास्त विश्वास होता. त्याचं दुर्दैव ते हेच.

भिमा गुरवाने कळ्या लावल्या. डोळे मिटून म्हणाला, "आई, गोरखच्या इंजिनाला आडवं येतंय ते घरातल्याच हातनं हाय का? आसंल तर उजवी दे. नसंल तर डावी दे."

दुपारची वेळ होती. दुपारी देवळात उजवीकडच्या खिडकीतून ऊन येतं आणि उजवा खांदा आधी वाळतो; सकाळी ते डावीकडून येतं. सकाळी विचारलं असतं तर सोमनाथ निर्दोष सुटला असता. पण सकाळी गोरखला दूधवाले पोचवायचे होते. एक माशी देवीच्या नाकावरून फिरत राहिली, आणि उजवी कळी टपकन खाली आली.

सभामंडपात आवाज उठला. भिमा गुरवाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याला खरंच वाईट वाटलं. तो लबाड असता तर त्याला पैसे देऊन डावी कळी पाडून घेता आली असती, पण तो लबाड नव्हता. जाणत्यांनी ठरवलं की सोमनाथने होडीला शिवायचं नाही आणि पुनवेला पालखीला खांदा द्यायचा नाही. घरातलाच हात, असं देवीने सांगितलं होतं. घरात गोरखचाही हात होता, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. गोरखच्यासुद्धा नाही.

सोमनाथ देवीकडे बघत राहिला. भावाने मारलं तेव्हा गालाला हात न लावणारा हा गडी, पण त्या कळीने त्याला मारलं. त्याच संध्याकाळी तो आणि अश्विनी दोन पिशव्या घेऊन निघाले. कापूरहोळच्या गॅरेजवाल्याने परत ये म्हटलं होतं. दारात अश्विनी गोरखपुढे थांबली. एरवी ती थोरल्या दिरापुढे मान वर करायची नाही. "भावजी, येक इच्यारू? आता आमी चाललो. आता जर का इंजिन बिघडलं, तर कुनाला मारशीला?"

गोरख तडकला, "जा आता!"

दुसऱ्या दिवशी इंजिनापाशी गोरख स्वतः बसला. देवीने निकाल दिलेला, पीडा घरातून गेलेली, त्याने मोठ्या ऐटीत दोरी ओढली. पाण्याच्या मध्यावर आला आणि घर्र, फट्, घर्र, फट्.

सोमनाथ तिकडे कापूरहोळला आणि उचकी इथे. होडीत दूधवाले होते, ते एकमेकांकडे बघायला लागले. "जुना मळ आसंल, निघंल हळूहळू," गोरख म्हणाला. त्यांना पटलं. लोकांना देवीचा निकाल मोडण्यापेक्षा असं काहीही पटतं.

दिवेलागणीला, धक्क्यावर कुणी नसताना, तो एकटा होडीत बसला. इंजिन चालू केलं, कुलूप काढलं आणि जन्मात पहिल्यांदा भावाचं ऐकलं. टोपण लावलेलं होतं, उचकी होती. टोपण वीतभर वर उचललं. उचकी थांबली. खाली ठेवलं. फट्, फट्. वर केलं, गुळगुळीत. पुन्हा खाली, पुन्हा फट्. त्याने टोपण बोटभर किलकिलं धरून आत डोळा लावला. अंधारलं होतं म्हणून दिसलं. आत एक निळी ठिणगी टिकटिक उडत होती. खालच्या प्लगच्या वायरीचं रबर तडकलेलं होतं, आणि बिब्ब्याच्या तांब्याच्या तारेचं एक शेपूट त्या तड्यात टेकत होतं, दुसरं इंजिनाच्या लोखंडाला. वीज प्लगपर्यंत जातच नव्हती. मधेच तारेवरून लोखंडात उतरून जात होती. रोज हादऱ्याने घासून घासून तो तडा त्या तारेनेच पाडलेला होता. टोपण काढलं की तारही टोपणाबरोबर वर यायची आणि इंजिन सुधारायचं. काखेत कळसा म्हणतात तो असा. गोरख तर त्याला कुलूप घालून किल्ली कमरेला बांधून फिरत होता.

आधी त्याला आनंद झाला. बिघाड सापडल्याचा आनंद, खोटं कशाला बोला. मग लाज वाटली, इतकी की रिकाम्या होडीतही त्याने मान खाली घातली. थोबाडीत मारल्याचा आवाज त्याला पुन्हा ऐकू आला. आणि मग, सगळ्यात शेवटी, भीती आली, आणि ती आली ती मुक्कामालाच राहिली.

त्याने तार कापली, बिब्बा पाण्यात भिरकावला, तड्यावर चिकटपट्टी गुंडाळली. पेट्रोलच्या ओलीने ती धरेना, निम्मी सुटली, पण तार नव्हती तर तिचं काही अडत नव्हतं. टोपण लावलं. इंजिन गायला लागलं. मग त्याने मोबाईल काढून सोमनाथला लावला.

"बोल दादा."

गोरखच्या तोंडापर्यंत सगळं आलं. सोमा, तुझं खरं हुतं. पण हे एक वाक्य बोलायचं तर त्याच्यामागे दुसरं बोलावं लागणार होतं, की देवीचा कौल खोटा पडला. तिसरं, की देवीच्या पायाशी ठेवलेल्या बिब्ब्यानेच घात केला. आणि चौथं, की तो मी बांधला. मग पुनवेला मानाच्या होडीत कोण बसवणार होतं त्याला? मानसिंग तर काठावर बसलेलाच होता.

"काय न्हाई," गोरख म्हणाला. "पुनवंला येतूस न्हवं?"

पलीकडे गॅरेजातली हातोडी ठकठकत होती. "यीन. भोरावरनं वळसा घालून पल्याडच्या अंगाला यीन. लांबनं पाया पडंन," सोमनाथ म्हणाला आणि फोन ठेवला.

गोरखने मनाशी ठरवलं की पुनव पार पडू दे, मग सांगू. भित्र्या माणसाचा मुहूर्त नेहमी पुढच्या आठवड्यातला असतो.

दरम्यान इंजिन झकास चालत होतं आणि वाडीत जो तो म्हणत होता, देवीच्या घरचा न्याय बघा. चोर घराबाहेर गेला आणि उचकी थांबली. सखूबाईच्या कानावर हे यायचं. ती गोरखला विचारायची, "खरंच सोमानं क्येलं आसंल का रं?" गोरख म्हणायचा, "देवीनं सांगितलं न्हवं, आये." हे म्हणताना तो दुसरीकडे बघायचा, पण सखूबाईची नजर मोतीबिंदूने अधू, तिला कुठे काय दिसणार?

पुनवेच्या दिवशी सकाळपासून ढोल-लेझीम. होडीला केळीचे खुंट, झेंडूच्या माळा. गोरखला पिवळा फेटा बांधला. पालखी होडीत चढली, मागोमाग मानकरी, सखूबाई, आणि मानसिंगही चढला, पाहुण्यासारखा, हात जोडून. सगळं ठीक होतं. गोरखने इंजिनाची दोरी हातात घेतली, तेवढ्यात भिमा गुरव फळ्यांवरून अडखळत त्याच्यापाशी आला. हातात नवा बिब्बा, नवी कोरी तांब्याची तार, चांगली लांबलचक.

"टोपण उघड," तो म्हणाला. "आज आईचा दिस. जुन्याची ताकद संपली आसंल. नवा बांधतो."

"ऱ्हाऊ द्या आबा. नजर पडंल म्हनला हुतात तुमीच."

"आज आई सोता होडीत हाय. आज कुनाच्या नजरंला भ्यायाचं?" भिमा गुरव मोठ्याने म्हणाला, आणि सगळी होडी "वाघजाईच्या नावानं चांगभलं!" करून ओरडली.

गोरखने कुलूप काढलं. गुरवाने आत वाकून बघितलं. "जुना कुठं गेला?"

"पडला जनू," गोरख म्हणाला.

"तरीच!" म्हणून भिमा गुरवाने नवा बिब्बा त्याच कडीला बांधला. मायेने, तीन गाठी मारून, तारेची दोन्ही शेपटं मोकळी सोडून. नको म्हणायचं तर का म्हणून? बोलायची वेळ आता तरी होती. मानसिंग बघत होता. सखूबाई बघत होती. गोरखने टोपण जागेवर ठेवलं आणि दोरी ओढली.

धक्का सुटला आणि थोड्याच वेळात फट् झालं.

ढोल थांबला. होडीतली सगळी तोंडं मागे वळली. मानसिंग अगदी मृदू आवाजात म्हणाला, "आता रं कुनाचा हात?"

गोरखचा हात आपोआप गेला. त्याने टोपण वीतभर वर उचललं. इंजिन सुरळीत झालं. "तापतंय," तो म्हणाला. "वारं लागाय पायजे." ढोल पुन्हा सुरू झाला. एका हाताने होडी वळवायचा दांडा आणि एका हाताने टोपण, असा तो पाणी कापत निघाला. टोपण काही फार जड नाही, पण एवढा फुगवटा पार होईस्तोवर धरलं की खांदा उतरतो. घाम त्याच्या डोळ्यांत गेला, फेट्याचा पिवळा रंग कपाळावर ओघळला. मानकरी एकमेकांना म्हणाले, बघा, देवीसाठी गडी कसा राबतोय. सखूबाईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तो हात त्याला नको झाला.

पलीकडचा काठ आला. चिखलातून मूळ ठाण्याचं काळं कळसाचं टोक वर आलेलं, त्याच्याभोवती माणसांची दाटी, आणि दाटीपासून बाजूला, गुडघाभर पाण्यात, सोमनाथ उभा होता. हात जोडून. पालखीकडे बघत होता. मग त्याने मान जराशी कलती केली, तो इंजिन ऐकताना करायचा तशी. आवाज दोन्ही सिलिंडरांचा होता, स्वच्छ. त्याची नजर आवाजावरून इंजिनाकडे आणि इंजिनावरून भावाच्या हातातल्या उचललेल्या टोपणाकडे गेली.

तो दोन पावलं पुढे आला. "दादा," तो म्हणाला, मोठ्याने नाही, पण ऐकू जाईल इतकं. "टोपण लाव की. पालखीवर त्याल उडंल."

"व्हय की, लाव बाबा," एक मानकरी म्हणाला. "काठ तर आला."

गोरखने सोमनाथकडे पाहिलं. चूक कबूल करायला याहून कमी शब्दांची जागा त्याला पुन्हा मिळणार नव्हती. नुसतं टोपण खाली ठेवायचं होतं. इंजिनच सगळं बोललं असतं.

त्याने आधी इंजिन बंद केलं. मग टोपण खाली ठेवलं.

होडी आपल्या वेगाने सरकत सरकत चिखलाला लागली. सोमनाथ तोवर जागचा हलला नाही. त्याच्या चेहऱ्यावर राग आला असता तर गोरखला बरं वाटलं असतं. राग आला नाही. हिशेब लागल्यावर मेकॅनिक हातपुसणं खांद्यावर टाकतो तसं त्याने तोंड पुसलं, पालखीला लांबूनच वाकून नमस्कार केला, आणि बाजूला सरकून खांदेकऱ्यांना वाट दिली.

मान राहिला. गोरखला नारळ मिळाला, शाल मिळाली. भिमा गुरवाने सगळ्यांसमोर सांगितलं की बिब्बा बांधल्यावर एकदाच काय ती उचकी लागली, ती शेवटची पीडा निघून गेली. मानसिंगने येऊन हात मिळवला. गोरखने गर्दीत सोमनाथला शोधलं, पण ठाण्याभोवती नुसत्या टोप्या आणि पदर दिसत होते.

पाणी सोनेरी व्हायला लागलं तेव्हा पालखी परत निघाली. सखूबाई सगळ्यात शेवटी आली, तिला हाताला धरून गोरखने चढवलं आणि आपल्याजवळच, इंजिनापाशी बसवलं.

"सोमा दिसला का गं?" त्याने विचारलं.

"भेटला न्हवं. पाया पडला. येश्टीला उशीर व्हईल म्हनून ग्येला." सखूबाईने पदराच्या गाठीतला प्रसाद चाचपला. "तुला निरोप दिलाय त्यानं. म्हनला, दादाला सांग, खालची वायर बदलून घे. किती दीस हातानं उचलून धरशील म्हनला."

गोरखने दोरी ओढली. इंजिन सुरू झालं.

"कसली वायर रं गोरखा?"

"काय न्हाई आये," गोरख म्हणाला. "इंजिनातली हाय."

आणि त्याने टोपण उचलून धरलं.